तोटा कोणाच्या पदरी? : आर्थिक अरिष्टे, विषमता आणि पूर्व हवेलीची दोनशे वर्षे

आर्थिक अरिष्टांचा इतिहास बहुधा मोठ्या शहरांच्या अंगाने लिहिला जातो, कारण भाव तिथेच चढतात, तिथेच कोसळतात आणि बुडालेल्या पेढ्यांची नावे तिथल्याच वर्तमानपत्रांत छापून येतात. या अरिष्टांचा शेवटचा हिशेब मात्र पुष्कळदा शहरापासून दूर, एखाद्या गावच्या कर्जरोख्यांत, दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यांत आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात चढवलेल्या बोज्यांत मिटवला जातो. आर्थिक विषमता म्हणजे केवळ कोणाकडे किती संपत्ती आहे यातले अंतर, असे मानले तर या हिशेबाकडे लक्ष जात नाही. विषमतेचे दुसरेही एक अंग आहे आणि प्रस्तुत विवेचनाचा भर त्यावरच आहे : संकट आल्यावर कोणाला मुदत मिळते, कोणाला तडजोड करू दिली जाते, कोणाची वस्तू तात्काळ जप्त होते आणि कोणाचे येणे शेवटच्या क्रमांकावर ढकलले जाते, हे अंतर. अरिष्ट अचानक कोसळल्यासारखे वाटले, तरी त्यातला तोटा कोणी सोसायचा हे त्यापूर्वीच, शांततेच्या काळात केलेल्या कायद्यांनी आणि नियमांनी ठरवून ठेवलेले असते, असे या विवेचनाचे प्रतिपादन आहे. म्हणून सार्वजनिक धोरणाची परीक्षा केवळ संकटानंतरच्या मदतीवरून करता येत नाही. संकटापूर्वी लिहिलेल्या कलमांवरूनही ती करावी लागते.

हे प्रतिपादन तपासण्यासाठी लोणी काळभोर आणि त्याभोवतालचा पूर्व हवेलीचा पट्टा निवडण्यामागे निश्चित कारण आहे. मुळा-मुठेच्या दक्षिणेला, पुणे–सोलापूर रस्त्यावर वसलेल्या या गावाच्या शिवारातून एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला टाकलेली लोहमार्गाची वाट जाते, खडकवासल्याहून निघणारा नवा मुठा उजवा कालवा जातो आणि लोक ज्याला ‘बेबी कॅनॉल’ म्हणतात तो जुना कालवाही जातो. तेल कंपन्यांची साठवण केंद्रे, खासगी विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार, उसाची आणि भाजीपाल्याची शेते, महामार्गालगतची गोदामे आणि गुंठ्या-दोन गुंठ्यांवरची घरे या सर्व गोष्टी इथे एकमेकींना खेटून उभ्या आहेत. २०२१ मध्ये लोणी काळभोर आणि लोणीकंद ही पोलीस ठाणी ग्रामीण दलाकडून पुणे शहर पोलीस आयुक्तालयाकडे गेली. गाव शहरात कोणत्या क्रमाने येते, म्हणजे आधी जमिनीचा भाव येतो, मग पोलीस येतात आणि पाणी किती उशिरा येते, हाही विषमतेच्या अभ्यासाचा विषय आहे. त्याकडे शेवटी वळावे लागेल.

या परिसराचे एक दुर्मीळ भाग्य असे की, ग्रामीण कर्जाविषयीची अगदी जुनी तपशीलवार नोंद याच हवेली तालुक्यातली आहे. पेशवाईच्या अस्तानंतर लगेच, १८१९ च्या सुमारास, थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने नदीपलीकडच्या लोणीचे, म्हणजे आजच्या लोणीकंदचे, घराघराने वर्णन लिहिले. ते मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे १८२० मध्ये वाचले गेले. पुढे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास करून १९६० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. कोट्सच्या नोंदीनुसार शेतकऱ्यांच्या ८४ कुटुंबांपैकी पंधरा-सोळा सोडली तर बाकी सगळी कमी-अधिक कर्जात होती. ही नोंद महत्त्वाची अशासाठी की, शेतकऱ्याचे कर्ज इंग्रजी अमलाने निर्माण केले, ही सोयीची समजूत तिच्यापुढे टिकत नाही. थळकरी, म्हणजे वंशपरंपरेने जमीन कसणारा मिरासदार, आणि उपरी, म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणारा, हे दोघेही सावकाराच्या वहीत होतेच. बदलली ती कर्ज वसूल करण्याची यंत्रणा. जुन्या व्यवस्थेत सावकाराला वसुलीसाठी गावच्या पाटलाची, पंचांची आणि ऋणकोच्या, म्हणजे कर्ज घेणाऱ्याच्या, पत राखण्याच्या इच्छेची गरज भासे. शेतकरी गाव सोडून गेला तर सावकाराचे पैसे बुडत, म्हणून त्याला जगवणे हे सावकाराच्याही हिताचे असे. त्या व्यवस्थेला न्याय्य म्हणण्याचे कारण नाही, पण तोट्याचा काही वाटा धनकोच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या, पदरी पडण्याची शक्यता तिच्यात शिल्लक होती.

ती शक्यता पुढच्या चाळीस वर्षांत एकेका कायद्याने बुजवली गेली. रयतवारीच्या मोजणीने, जिची पहिली प्रत्यक्ष उभारणी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी केली, जमिनीला वैयक्तिक, हस्तांतरणयोग्य आणि म्हणूनच तारण ठेवता येण्याजोगा हक्क मिळाला. १८५५ च्या कायद्याने व्याजाच्या दरावरची बंधने काढून टाकली. १८५९ मध्ये दिवाणी प्रक्रियेची संहिता आली आणि त्याच वर्षीच्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावरची फिर्याद तीन वर्षांच्या आत लावण्याचे बंधन घातले. हे शेवटचे कलम ऋणकोच्या संरक्षणासाठी होते; पण त्याचा परिणाम उलटा झाला. पूर्वीच्या रिवाजात दामदुप्पट हा नियम होता, ज्यानुसार एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नसे. आता तीन वर्षे भरत आली की सावकार जुना रोखा बदलून नवा लिहून घेऊ लागला, आणि नव्या रोख्यात थकलेले व्याज मुद्दलात मिळवले गेले की दामदुप्पटीची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होई. अक्षरओळख नसलेल्या माणसाचा अंगठा आणि न्यायालयाचा हुकूमनामा यांच्यामध्ये आता काहीच उरले नाही, कारण रोखा खरा आहे एवढे सिद्ध झाले की तो कसा घडला हे विचारण्याचे न्यायाधीशाला कारण नव्हते. कायद्यापुढे दोन्ही पक्ष समान मानले गेले आणि त्या समानतेनेच एका पक्षाचा घात केला.

अशा रीतीने तोट्याची वाट आखून तयार झाली होती, तेव्हा १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तोवर ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग अमेरिकेतून येत असे. तो पुरवठा तुटताच मुंबईच्या कापसाचे भाव भडकले आणि शहरात पैशाचा लोंढा आला. पुणे जिल्ह्यात कापसाचे पीक फारसे नव्हते, ही गोष्ट या प्रकरणाच्या वर्णनांत पुष्कळदा निसटते. तेजीची झळ आणि तेजीचा लाभ इथे आडवाटेने आला : धान्याचे भाव चढले, बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला, त्याच्या आणि सोलापूरकडे जाणाऱ्या मार्गाच्या कामांवर मजुरी मिळाली, बैलगाड्यांना भाडी मिळाली आणि शेतकऱ्याची पत वाढली. सावकार कर्ज द्यायला उत्सुक होता, कारण त्यालाही मुंबईच्या पेढ्या पैसे पुरवत होत्या. म्हणजे पुण्या-नगरच्या शेतकऱ्याचे कर्ज हे एका जागतिक पतसाखळीचे शेवटचे टोक होते आणि त्या टोकावर बसलेल्या माणसाला साखळीची दुसरी बाजू कुठे बांधली आहे हे कळण्याचा काही मार्ग नव्हता.

मुंबईत तेजीचे जे झाले ते सर्वश्रुत आहे. समुद्र हटवून जमीन काढण्यासाठी निघालेल्या बॅकबे कंपनीसारख्या संस्थांचे शेअर दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकले गेले. १८४० मध्ये स्थापन झालेल्या आणि सरकारचेही भागभांडवल असलेल्या बँक ऑफ बॉम्बेवरचे निर्बंध १८६३ च्या कायद्याने सैल झाले आणि शेअरांच्या तारणावर तिने मनमुराद कर्जे दिली, त्यांत प्रेमचंद रायचंद यांचा शब्द निर्णायक ठरत होता. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापूस गडगडला आणि १ जुलै १८६५ या वायदे पुरे करण्याच्या दिवशी शहराची पत कोसळली. बँक ऑफ बॉम्बे तगली नाही. १८६८ मध्ये ती गुंडाळून नवी बँक काढावी लागली आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. या काळाचा वृत्तान्त दिनशा वाच्छा यांनी १९१० च्या ग्रंथात लिहिला आहे आणि त्यातली एक बाब या विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. ज्या वर्षी सट्टा कोसळला त्याच वर्षी, १८६५ चा २८ वा कायदा करून, मुंबईच्या बुडालेल्या व्यापाऱ्यांना नेहमीच्या दिवाळखोरीच्या न्यायालयात न जाता धनकोंच्या संमतीने विश्वस्तांमार्फत देणी मिटवण्याची तात्पुरती सोय दिली गेली. एवढे व्यापारी एकदम बुडाले असताना प्रत्येकाची मालमत्ता स्वतंत्रपणे लिलावात काढली तर भाव आणखी कोसळतील आणि कोणाच्याच हाती काही लागणार नाही, हा त्यामागचा विचार अगदी शहाणपणाचा होता. प्रश्न एवढाच की, तोच विचार पुण्या-नगरच्या शेतकऱ्याला लागू होण्यासाठी १८७९ साल का उजाडावे लागले.

मधल्या चौदा वर्षांत ग्रामीण भागात अरिष्ट हळूहळू उतरत गेले. मुंबईच्या पेढ्यांनी सावकाराकडून पैसे मागे घेतले, सावकाराने शेतकऱ्याकडे तगादा लावला, लोहमार्गाची कामे संपल्याने मजुरी आटली आणि धान्याचे भाव उतरले. नेमक्या याच वेळी तीस वर्षांच्या जुन्या जमाबंदीच्या मुदती संपत होत्या. १८६७ मध्ये इंदापुरापासून फेरजमाबंदी सुरू झाली आणि तेजीच्या वर्षांतले भाव डोळ्यांपुढे ठेवून सारा वाढवला गेला. हा वाढीव सारा इतका जड झाला की १८७४ मध्ये मुंबई सरकारला स्वतःच मर्यादा घालावी लागली : गावांच्या गटावर ३३ टक्के, एका गावावर ६६ टक्के आणि एका खातेदारावर १०० टक्क्यांपेक्षा अधिक वाढ नको. एकट्या खातेदाराचा सारा दुप्पट होण्याला परवानगी देणारी ही मर्यादा सवलत म्हणून जाहीर झाली होती, यावरून आधीच्या वाढीची कल्पना येते. सारा रोखीने आणि ठरल्या तारखेला भरावा लागे, आणि रोख सावकाराकडेच असे. अशा रीतीने सरकारचे येणे सर्वांत आधी वसूल होत असे, सावकाराचे त्यानंतर न्यायालयामार्फत, आणि उरलासुरला तोटा कसणाऱ्याच्या घरात मुक्कामाला येत असे.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजाराच्या दिवशी जे घडले त्याला इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ असे नाव पडले. सुप्याच्या आणि नंतर पुणे व नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांच्या शेतकऱ्यांनी मारवाडी आणि गुजर सावकारांची घरे गाठली, पण त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे, वह्या आणि हुकूमनामे हाती आले की ते जाळले जात, आणि जिथे सावकाराने ते मुकाट्याने दिले तिथे पुष्कळदा तेवढ्यावरच भागे. जातीने आणि प्रदेशाने परका असलेला सावकार लक्ष्य झाला आणि गावातला स्थानिक सावकार बऱ्याच ठिकाणी वाचला, ही या उठावाची न लपवता सांगण्याजोगी बाजू आहे. अरिष्टात कोपाची दिशा बहुधा जवळच्या आणि ओळखू येणाऱ्या परक्याकडे वळते, आणि त्याच्यामागे उभी असलेली कायद्याची चौकट दिसत नाही. तरीही कागद जाळणाऱ्यांना एक गोष्ट या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या आधीच कळली होती, ती म्हणजे आपला घात कागदाला मिळालेल्या निरपवाद प्रामाण्यात आहे. नेमकी हीच गोष्ट पुढे कायद्याने मान्य केली.

दंग्यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल, १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आणि १८७९ च्या प्रारंभी वासुदेव बळवंत फडके यांनी शिरूर तालुक्यातल्या धामारीपासून आरंभलेला उठाव, एवढे सगळे झाल्यावर १८७९ चा १७ वा कायदा, म्हणजे दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्याचे सर्वांत धाडसी कलम असे की, न्यायालयाने रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता रोख्याच्या पाठीमागे जावे, कर्जाचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासावा, मूळ किती दिले आणि व्याज किती चढले याचा हिशेब स्वतः मांडावा आणि मग हुकूमनामा द्यावा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची पद्धत बंद झाली. जी जमीन स्पष्टपणे गहाण लिहून दिलेली नाही ती विकून कर्ज वसूल करण्याला आळा बसला. गावपातळीवर दस्त नोंदवणारे अधिकारी आणि तडजोड घडवणारे सलोखाकार नेमले गेले. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले, त्यामुळे अर्थशास्त्राचा विचार आणि गावोगावच्या खटल्यांचा अनुभव या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र आल्या. महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा, म्हणजे याच वर्षांतला आहे. ज्या माणसासाठी कायदे होत होते त्याच्या घरादाराची आणि शिक्षणाची हकीकत त्याच्याच बाजूने मांडण्याचे काम त्या ग्रंथाने केले.

या कायद्याच्या मर्यादाही त्याच्या धाडसाइतक्याच शिकवून जातात. गहाणाचे रोखे न्यायालयात उलगडले जाऊ लागल्यावर सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले आणि पैसे फेडल्यास जमीन परत करण्याचे फक्त तोंडी वचन देऊ लागले. शिवाय जुने कर्ज हलके करणारा कायदा नवे कर्ज उपलब्ध करून देत नाही. बैल मेला, पाऊस लांबला किंवा सारा भरायचा झाला की शेतकऱ्याला पैसे हवेच असत. ही उणीव ओळखून विल्यम वेडरबर्न आणि रानडे यांनी शेजारच्या पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना आखली : आधी सगळी जुनी देणी तडजोडीने मिटवायची आणि मग माफक व्याजाने नवे कर्ज द्यायचे. भारत सरकारला ती पटली, पण लंडनहून भारतमंत्र्यांनी ती फेटाळली आणि १८८३ व १८८४ च्या तगाई कायद्यांवर, म्हणजे सरकारने थेट द्यायच्या शेतीकर्जांवर, काम भागवले गेले. ती बँक निघाली असती तर ती यशस्वी झालीच असती असे म्हणता येत नाही. मात्र कर्जमुक्ती आणि पतपुरवठा या दोन गोष्टी एकाच वेळी, एकाच संस्थेने करायला हव्यात हे तिच्या कर्त्यांना जितके स्पष्ट दिसले होते तितके नंतरच्या शंभर वर्षांत क्वचितच कोणाला दिसले.

१९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यापासून या कथेचा दुसरा भाग सुरू होतो. १९१७ मध्ये पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन झाली. तरीही १९५४ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल आला तेव्हा शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के होता, हे पाहून देशाला धक्का बसला. त्या समितीत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते, आणि महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीच्या उभारणीतही त्यांचाच हात होता. कारखान्याची कल्पना पतसंस्थेच्या एक पाऊल पुढची होती : ऊस पिकवणाराच भागधारक, त्यामुळे नफ्यातला वाटा त्याचा, आणि सभासदाच्या उसाच्या पैशातून कर्जाची वसुली परस्पर होत असल्याने बँकेलाही निर्धास्तता. मात्र या रचनेत एक धोका दडलेला होता. मालक, पुरवठादार आणि ऋणको या तिन्ही भूमिका एकाच माणसाच्या वाट्याला आल्या, म्हणजे कारखाना बुडाला तर त्याला तिन्ही बाजूंनी एकदम मार बसणार.

लोणी काळभोरला लागून असलेल्या थेऊरच्या यशवंत सहकारी साखर कारखान्याची हकीकत या दृष्टीने वाचायला हवी. अण्णासाहेब मगर यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा कारखाना पूर्व हवेलीच्या बागायतीचा कणा होता. त्याच्या जवळच मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारखी संशोधन संस्था आहे, म्हणजे ज्ञानाचा तुटवडा होता असे म्हणण्याची सोय नाही. २०११ च्या सुमारास तो बंद पडला. याच २०११ च्या मे महिन्यात राज्य सहकारी बँकेचे, म्हणजे ज्या शिखर बँकेवर सगळ्या कारखानदारीचा पतपुरवठा उभा होता तिचे, संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक आले, त्यामुळे थेऊरचे दुखणे एकट्याचे नव्हते. कारखाना बंद राहिल्याच्या वर्षांत शेतकऱ्यांचा ऊस इतर कारखान्यांच्या दारात गेला, कामगारांची देणी थकली आणि भागभांडवलाचे कागद कपाटात राहिले. पुढे निवडणूक झाली, नवे संचालक आले, आणि कारखान्याची सुमारे शंभर एकर जमीन पुण्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीला विकण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्यावर सभासदांमध्ये तीव्र मतभेद झाले. जमीन विकून कारखाना चालू करणे शहाणपणाचे की ती राखणे शहाणपणाचे, याचा निवाडा करणे हा इथे हेतू नाही. ध्यानात घ्यायचे ते एवढेच की, अशा विक्रीतून आलेल्या पैशाला क्रम असतो. तारण धनको, म्हणजे ज्याच्याकडे मालमत्ता गहाण आहे ती बँक, पुढे उभी राहते. २००२ च्या सरफेसी कायद्याने तिला न्यायालयात न जाता तारणाचा ताबा घेण्याचाही अधिकार दिला आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे असे लिहिलेले असले, तरी कारखाना बंद पडल्यावर ते व्याज मागायचे कोणाकडे, हा प्रश्न उरतोच. आणि भागधारक सभासद कायद्याने मालक असल्यामुळे रांगेत अगदी शेवटी असतो, मग त्याचा कारभारातला प्रत्यक्ष हात कितीही अल्प असो.

तोट्याचा क्रम आधीच आणि चांगल्या रीतीने लिहून ठेवता येतो, याचे उदाहरण बँक ठेवींच्या विम्यात सापडते. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यावर ठेव विमा महामंडळाचा कायदा झाला आणि १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराच्या १,५०० रुपयांपर्यंतच्या ठेवीला संरक्षण मिळाले. पुढे सहकारी बँकाही त्यात आल्या. १९९३ पासून ही मर्यादा एक लाखावर अडून राहिली होती. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे व्यवहार गोठवले गेल्यावर, फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली, आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देणे बंधनकारक झाले. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. निवृत्तीची पुंजी तिथे ठेवलेल्यांच्या आयुष्यातली ती नऊ वर्षे कोणत्याही दुरुस्तीने परत येणारी नाहीत. तरीही लहान ठेवीदाराला रांगेत पुढे आणणारा हा नियम आज अस्तित्वात आहे, आणि तो कोणाच्या दयेवर अवलंबून नाही.

कर्जदाराच्या बाबतीत असा नियम अजून पुरा झालेला नाही. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने कंपन्यांना ठरावीक मुदतीची स्थगिती दिली, ज्या काळात त्यांच्यावर वसुलीची कारवाई करता येत नाही, आणि धनकोंनी येण्याचा मोठा भाग सोडून देऊन कंपनी चालू ठेवण्याची वाट कायदेशीर केली. १८६५ च्या त्या तात्पुरत्या कायद्यातला विवेक आता कायमस्वरूपी आणि अधिक शिस्तबद्ध रूपात आला आहे, हे स्वागतार्हच आहे. मात्र त्याच संहितेतला व्यक्तींच्या दिवाळखोरीचा भाग २०१९ मध्ये केवळ कंपन्यांच्या जामीनदारांपुरता लागू झाला. शेतकरी, छोटा दुकानदार किंवा ट्रकमालक यांना त्याचा आधार नाही. त्यांच्यासाठी उरते ती कर्जमाफी. २००८ ची केंद्राची, २०१७ ची दीड लाखापर्यंतची आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची राज्याची, या प्रत्येक माफीने कोणा ना कोणाच्या घरात खरोखरच दिलासा नेला आहे आणि तो हिणवणे अन्यायाचे होईल. परंतु कंपनीला मिळते ती कायद्याने ठरलेली, अर्ज करून मागता येणारी प्रक्रिया. शेतकऱ्याला मिळते ती निवडणुकीच्या आगेमागे जाहीर होणारी, तारखेच्या आणि पात्रतेच्या अटींनी बांधलेली सवलत. शिवाय ती बँकेच्या खात्यापुरती असते. ज्याला बँक दारात उभे करत नाही, त्या खंडाने जमीन कसणाऱ्याचे सावकारी कर्ज तिच्या कक्षेत येत नाही. या शेवटच्या माणसासाठी २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम आहे आणि त्याच्या १८ व्या कलमाखाली जिल्हा निबंधकाला अवैध सावकारीत गेलेली जमीन, खरेदीखत झालेले असले तरी, मूळ मालकाला परत देता येते. १८७९ नंतर सावकारांनी शोधलेल्या पळवाटेवरचे हे उत्तर आहे. ते यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

पूर्व हवेलीत आज विषमतेचे सर्वांत वेगवान यंत्र जमिनीचा बाजार आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा स्वतंत्रपणे विकायला बंदी घातली, पण शहरात घर न परवडणाऱ्या माणसाला गुंठाभर जागेवाचून दुसरा पर्याय नव्हता. त्यामुळे एकेका गटाच्या सातबाऱ्यावर डझनावारी नावे सामाईक चढली आणि २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला. ज्याने लवकर विकले त्याला थोडे मिळाले, ज्याला थांबता आले त्याला पुष्कळ, आणि थांबण्याची ऐपत आधीच्या कर्जावर अवलंबून होती. घराच्या आतही हीच वाटणी झाली : वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क मिळाला, आणि जमिनीला भाव येताच बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची घाई वाढली. भूमिहीन मजुराच्या वाट्याला या तेजीतले घरभाडे आले. पाण्याचीही वाटणी अशीच झाली आहे. खडकवासल्याच्या साठ्यातला मोठा वाटा शहर पिण्यासाठी घेते आणि त्याच्या बदल्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून शुद्धीकरण केलेले सांडपाणी बेबी कालव्यात सोडून हवेली आणि दौंडच्या शेतीला देण्याची योजना आहे. शहराची तहान खोटी नाही. पण त्या अदलाबदलीतल्या पाण्याच्या प्रतीची हमी कोणी द्यायची आणि पीक बिघडले तर भरपाई कोणत्या खात्यातून यायची, हे कलम त्या योजनेच्या केंद्रस्थानी असायला हवे.

२००८ च्या जागतिक अरिष्टात अमेरिकेच्या सरकारने बँकांसाठी ७०० अब्ज डॉलरपर्यंतचा निधी मंजूर केला आणि लाखो कुटुंबांच्या घरांचे लिलाव मात्र चालू राहिले, तेव्हा अर्थशास्त्रज्ञांमध्ये जो वाद पेटला त्याचे मूळ प्रश्न सुप्याच्या बाजारात आणि पुरंदरच्या न निघालेल्या बँकेत आधीच उभे राहिले होते. त्यांचा अभ्यास करायचा तर आयोगांच्या अहवालांइतकेच लक्ष गावच्या दप्तराकडे द्यावे लागेल : फेरफार नोंदवही, बोजा चढवल्याच्या आणि उतरवल्याच्या तारखा, दुय्यम निबंधकाकडची खरेदीखते, कारखान्याच्या वार्षिक सभांची इतिवृत्ते आणि ऊसबिलांच्या थकबाकीच्या याद्या. लोणी काळभोर, थेऊर, कुंजीरवाडी, उरुळी कांचन या गावांतली ही कागदपत्रे एकत्र मांडली, तर १८६५ पासूनच्या प्रत्येक अरिष्टात कोणाचे येणे किती दिवसांत वसूल झाले आणि कोणाचे किती वर्षे रेंगाळले याचा तक्ता करता येईल, आणि पुढच्या कर्ज-कायद्याचा मसुदा करणाऱ्यांसमोर तो ठेवता येईल.